बार भरायच्या सामानाचं मोल

बागलाणात जुना वाडा उतरवायला काढला की माळ्यावरच्या हंड्या-घंगाळांसोबत कधी कधी वेगळंच सामान खाली येतं. बंदुकीच्या दारूची पितळी कुपी, गोळ्या ओतायचा लोखंडी साचा, दारूचं माप, टेबलाला आवळून बसवायचं काडतुसं भरायचं हातयंत्र. सटाण्यात जुन्या धातूच्या वस्तूंची पारख करण्यात माझी हयात गेली, म्हणून अशा वेळी मला बोलावणं येतं. प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, येना कितला भेटतीन?" मोडवाला तोवर काटा लावून मोकळा झालेला असतो. त्याचा भाव मला अन्यायाचा वाटतो. या सामानाची किंमत पितळेच्या वजनावर कधीच ठरली नाही; बार भरायची मुभा कोणाला, यावर ती ठरत आली.

आमच्या तालुक्याला बंदुकीची दारू नवी नाही. 1672 साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी, उघड्या मैदानात मोगलांना हरवलं. त्याच लढाईत सूर्याजी काकडे जंबुरक्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून पडले. दारू सांभाळणं हे राज्याचं काम होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरांपासून लांब ठेवावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावं, असं बजावलेलं आहे. ओल लागलेली दारू म्हणजे हातची गेलेली लढाई.

1818 साली बागलाणातला मुल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. 1857 नंतर हत्यारं काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला आणि 1878 च्या शस्त्र कायद्यानं बंदूक परवान्यात अडकवली. युरोपियनांना सूट होती, आपल्या माणसाला नव्हती. त्यामुळे मोजक्या परवानेवाल्या घरांतच हे सामान राहिलं. शेफील्डच्या जेम्स डिक्सन किंवा हॉक्सली यांच्या कुप्या, लंडनच्या एलीच्या केपांच्या, म्हणजे बार पेटवायच्या टोप्यांच्या, डब्या अजून सापडतात, त्या अशाच घरांत.

ठासणीच्या बंदुकीचा साचा हातात घ्या. सांडशीसारखे दोन पाय, टोकाला दोन अर्धगोल वाट्या, आणि गोळीला चिकटलेलं जादा शिसं छाटायला मागे धार. साचा मिटून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड आला तर वाट्या झिजल्या. अशा साच्यातल्या गोळीला कडेनं पापुद्रा सुटायचा. मग कोरलेला आकडा पाहायचा. 12 म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती नळी. बारा बोअर ते हेच. त्या काळी साचा बंदुकीसोबतच, तिच्या नळीच्या मापानं बनून येई. म्हणून ज्या साच्याची बंदूक त्याच घरात आहे, तो एकट्या साच्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

पुढे काडतुसं आली. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगायचं, पितळी मात्र पुन्हा पुन्हा भरता यायचं. म्हणून हातयंत्रांना किंमत आली. अशा यंत्रात जुनी केप काढायचा दांडा, नवी बसवायचा ठोकळा आणि कागदी काडतुसाचं तोंड मुडपायचा फिरता दांडा, हे सारे भाग जागेवर हवेत. एक भाग हरवला की बाकीच्याची किंमत पडते.

1972 साल या सामानाच्या वाट्याला दोन्हीकडून आलं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला. त्याच वर्षीच्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना पुरावस्तूचा दर्जा देऊन त्यांच्या परदेशी विक्रीवर निर्बंध घातले. एकीकडे उपयोग घटला, दुसरीकडे मान आला.

मी भाव सांगतो तो या क्रमानं. आधी परवाना. 1959 च्या शस्त्र कायद्यानं दारूगोळा बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. चालू अवस्थेतलं हातयंत्र परवान्याशिवाय विकणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला मी आकडा सांगत नाही. परवानेवाले आजोबा वारले असतील तर आधी पोलीस ठाण्याला कळवा, मग बोलू. कुपी हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर बूच उघडायचं नाही, विस्तवाजवळ न्यायची नाही. जुनी दारू अजून पेट घेते. हे निस्तरलं की मोडीचा भाव हा तळ धरायचा. त्यावर कारखान्याचा ठसा, साच्याच्या वाट्या, कुपीची स्प्रिंग आणि सांधा, सगळे भाग आहेत का, हे पाहून चढत जायचं. घासूनपुसून चकचकीत केलेल्या कुपीला मी कमी धरतो, कारण घासण्यात ठसा बुजतो.

सगळ्यात वर चढतो तो माहितीचा भाव. ही बंदूक कोणत्या गावी होती, परवाना कोणत्या साली मिळाला, साचा कोणी वापरला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐकून आजच कागदावर उतरवा, जुना परवाना त्याला जोडा. साल्हेरची लढाई बखरीत आहे. इंग्रजी अमलात बागलाणच्या खेड्यांत कोणाला बंदूक मिळाली आणि कोणाला नाकारली, हे मात्र अशाच कागदांतून कळेल. त्या कागदासह वस्तू संग्रहालयाला द्या, नाहीतर कायद्यानं विका. काट्यावर तेवढी घालू नका.