मूठ आपली, पाते परके

तलवारीचे कौतुक झाले ते नेहमी पात्याचे. शाहिरांनी तिचा लखलखाट गायिला, कोशकारांनी धार, पाणी आणि पोलाद यांची नोंद केली. मूठ मात्र धरणाऱ्याच्या पंजाखाली झाकलेली राहिली. या लेखात आम्हांला त्या झाकलेल्या भागाविषयी लिहायचे आहे. त्यासाठी आम्ही दोन तलवारी शेजारी ठेवणार आहोत. एक नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची. दुसरी 'स्टार वॉर्स' या चित्रपटातली प्रकाशाची तलवार, जिची प्रतिकृती घरच्या घरी जुळवणे हा आज हौशी मंडळींचा जगभर पसरलेला छंद आहे. ही जोडी काहींना विनोदी वाटेल. पण दोन्ही तलवारी ज्या रीतीने बनल्या ती रीत एकच आहे, आणि 'अस्सल' व 'नक्कल' हे शब्द आपण वाङ्मयात ज्या सहजतेने वापरतो त्यांचा फेरविचार करायला ती रीत भाग पाडते.

प्रथम रघुजींची तलवार. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सोदबीज या लिलावसंस्थेत ती विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली, आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली. रघुजी १७५५ मध्ये निवर्तले. छत्रपती शाहूंनी त्यांना 'सेनासाहेबसुभा' हा किताब दिला होता, आणि त्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांनंतर १७५१ च्या तहाने ओडिशा भोसल्यांकडे आला. अशा पुरुषाचे शस्त्र परत आले म्हणून नागपुरात आनंद झाला, आणि तो रास्तच होता. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ते परदेशी गेले असावे, असा तर्क मांडला जातो.

या तलवारीच्या पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे कोरली आहेत : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. यातील शेवटचा शब्द वाचकांनी जरा थांबून वाचावा. फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेले पाते. सरळ, एकधारी, युरोपात घडवलेले. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेले इतर युरोपीय व्यापारी अशी पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरवीत, आणि मराठी सरदारांत त्यांना मोठी मागणी होती. इथला कारागीर त्यावर आपल्या पद्धतीची मूठ चढवी. रघुजींच्या तलवारीवर सोन्याची कोफ्तगरी केलेली मुल्हेरी मूठ आहे. म्हणजे ज्या शस्त्राला आपण आपला वारसा म्हणून साऱ्या मानमरातबाने घरी आणले, त्याचे पाते परके आहे. आणि ते परके असल्याचे त्या पात्यावरच, सोन्याच्या अक्षरांत, धन्याच्या नावाला लागूनच लिहून ठेवले आहे. लपवाछपवी मुळीच नाही.

मूठ चढवण्याची कृतीही अर्थपूर्ण होती. पात्याचे मागचे अरुंद टोक मुठीच्या पोकळीत घालीत आणि पोकळी वितळलेल्या लाखेने भरीत. लाख थिजली की दोहोंची गाठ पक्की होई. ही गाठ कायमची नसे. मूठ तापवली की लाख मऊ पडे, पाते सुटे, आणि दुसरी मूठ चढवता येई. एखादे चांगले पाते बापाकडून मुलाकडे, जेत्याकडून जिताकडे, एका दरबाराकडून दुसऱ्या दरबाराकडे असे हिंडत जाई आणि प्रत्येक ठिकाणी नव्या हाताच्या मापाची मूठ धारण करी. तलवार कोणाची, याचे उत्तर द्यायचे तर मुठीकडे पाहावे लागे.

पुढे तलवारच कमरेवरून उतरली. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील चीजवस्तू लिलावात निघाल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेली हत्यारेही परवान्याच्या कक्षेत गेली. सामान्य मराठी माणसाला तलवार भेटू लागली ती दसऱ्याच्या पूजेत आणि रंगभूमीवर. रंगभूमीवर तिची सोय आधीच झालेली होती. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, आणि त्या वळणाच्या पौराणिक नाटकांत राक्षस तलवारी नाचवीत प्रवेश करीत तेव्हा मशालीवर राळ उडवून भडका केला जाई. आमच्या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रंगभूमीवर, मंडईच्या रात्री, लाकडाच्या तलवारीला बेगड लावून ती दिव्याखाली चमकवण्याची युक्ती गावोगावच्या हौशी नटांना अवगत होती. नाटकाच्या तलवारीला धार लागत नाही, तिला उजेड लागतो. हे ज्ञान त्या नटांकडे वीज येण्यापूर्वीपासून होते.

या जागेवरून १९७७ च्या त्या अमेरिकी चित्रपटाकडे जाणे फारसे अवघड नाही. त्याचे चित्रीकरण बव्हंशी इंग्लंडमध्ये झाले. जॉर्ज लुकस यांच्या संहितेत प्रकाशाची तलवार होती, पण ती दिसते कशी हे कोणालाच ठाऊक नव्हते. सजावटकार रॉजर क्रिश्चन यांना ती लंडनमधल्या छायाचित्रणाच्या सामानाच्या एका दुकानात सापडली. जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची, बॅटऱ्या बसवायची धातूची नळी त्यांनी उचलली. तिला पकडीसाठी रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, एका गणकयंत्राच्या पडद्यावरची भिंगांची पट्टी लावली, कमरेला अडकवायला एक कडी दिली. नायकाची तलवार तयार झाली. वृद्ध गुरूच्या तलवारीत तर पहिल्या महायुद्धातील रायफल-ग्रेनेडचा भाग, जेट इंजिनातली नळी आणि न्हाणीघरातल्या नळाची चावी एकत्र नांदतात.

पाते? पाते नव्हतेच. चित्रीकरणात मुठीला एक दांडी लावीत. काही दृश्यांत ती दांडी परावर्तक पट्टी गुंडाळलेली असे आणि आतल्या मोटरने गरगर फिरे. पण पडद्यावर आपण जो रंगीत झोत पाहतो तो मागाहून, चित्रचौकट-चित्रचौकट हाताने रंगवून भरलेला आहे. तिचा गुंजारव बेन बर्ट यांनी चित्रपट-प्रक्षेपकाच्या मोटरची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाची गुणगुण यांतून जुळवला. म्हणजे या तलवारीत हाताला लागण्याजोगी वस्तू एकच होती, ती म्हणजे मूठ. तीही दुसऱ्याच कामासाठी बनलेल्या वस्तूंतून उभी केलेली. जिची प्रतिकृती करायची ती मूळ वस्तू पूर्णांशाने कधी अस्तित्वातच नव्हती.

हे ध्यानात घेतले म्हणजे नवशिक्या हौशी कारागिराची धडपड वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. तो ज्याची नक्कल करतो असे आपण म्हणतो, ते त्याला प्रथमच घडवावे लागते. नागपुरात बसून हे काम करायचे तर प्रारंभ इतवारीच्या लोखंडी सामानाच्या दुकानांतून आणि सीताबर्डीच्या बाजारातून होऊ शकतो. जगभरच्या पहिल्या पिढीतल्या हौशी मंडळींनीही नळकामाच्या नळ्या आणि जोडण्या यांपासूनच सुरुवात केली होती. पात्यासाठी एक इंच बाह्यव्यासाची पॉलिकार्बोनेटची नळी लागते. ॲक्रिलिकची नळी दिसायला तशीच, पण आघाताने तडकते आणि तिच्या कपच्या उडतात. म्हणून ती टाळावी. मुठीसाठी ॲल्युमिनियमची नळी, तिच्या तोंडाशी पाते बसवण्याची खोबण आणि ते धरून ठेवणारा एक आडवा स्क्रू. लाखेची जागा आता या स्क्रूने घेतली आहे. तो सैल केला की पाते निघते, दुसरे बसते.

उजेडाच्या दोन रीती आहेत. पहिलीत मुठीच्या तोंडाशी एकच शक्तिमान एलईडी दिवा असतो आणि नळीच्या आत गुंडाळलेली विसरणपटली त्याचा झोत सर्वत्र पसरवते. दुसरीत नळीभर दिव्यांची पट्टी असते, मीटरमागे १४४ दिव्यांपर्यंत, आणि ते क्रमाने पेटून पाते मुठीतून उगवल्यासारखे दिसते. नवशिक्याने पहिली रीत धरावी. तिचे गणित शाळेतले आहे. लिथियम-आयन घटाचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट. लाल दिव्याला साधारण २.२ व्होल्ट पुरतात. उरलेले १.५ व्होल्ट कुठेतरी खर्ची पडले पाहिजेत. एक अँपिअर प्रवाह हवा असेल तर ते काम १.५ ओहमचा रोधक करतो, आणि त्या कामी दीड वॉट उष्णता बाहेर टाकतो. तेवढे सोसणारा रोधक निवडावा लागतो. घट संरक्षक मंडल असलेलाच घ्यावा, कारण धातूच्या नळीला उघडी तार लागली तर हातातच ठिणगी. निळा दिवा ३.२ व्होल्टच्या आसपास मागतो, तेव्हा हिशेब बदलतो. रंग निवडणे म्हणजे येथे रोधक निवडणे होय.

परंतु खरी कसोटी मुठीची. प्रचलित १८६५० घट १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. तो, ध्वनिपट्टिका, छोटा ध्वनिक्षेपक आणि कळ हे सारे त्या नळीत बसवून ती नळी तळहातात सुखाने मावली पाहिजे. घट बुडाशी सरकवला की पाते हलके वाटते, तोंडाकडे आणला की मनगट थकते. कोणत्याही नकाशावर या प्रश्नाचे उत्तर छापलेले नसते. ते प्रत्येकाच्या पंजावर अवलंबून. नवशिका येथवर आला म्हणजे मुल्हेरी मूठ चढवणाऱ्या त्या कारागिरापुढे जो प्रश्न होता, नेमक्या त्याच प्रश्नापुढे तो उभा राहतो.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. सारे सुटे भाग विकत मिळतात, ध्वनिपट्टिकाही तयार मिळते. मग जुळवणाऱ्याने केले काय? जुळवणी म्हणजे निर्मिती नव्हे, असे म्हणणारे म्हणतील. आमचे उत्तर असे की, हा आक्षेप मान्य केला तर तो रघुजींच्या फिरंगेलाही लागू होतो. तिचेही पाते विकतचेच होते. विकत घेण्याने काही बिघडत नाही. घेतलेली वस्तू जशीच्या तशी भिंतीवर टांगली तर ती विक्रेत्याचीच राहते. ती आपल्या हाताच्या मापात आणताना जो विचार करावा लागतो, जे घासावे, कापावे, पुन्हा बसवावे लागते, तेवढाच भाग आपला. तो लहान असेल, पण तो उसना नसतो.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा परिचित वाटावा. १८८३ मध्ये आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. १८९० मध्ये देवलांचे 'झुंझारराव' आले, त्याचे पाते 'ऑथेल्लो'चे. मूळ नाटकाच्या अखेरच्या अंकात ऑथेल्लो आपल्या दालनात ठेवलेल्या स्पॅनिश तलवारीचा उल्लेख करतो. म्हणजे त्याच्याही हाती परकेच पाते होते. आपल्या वर्गांतून या नाटकांना 'रूपांतर' असा शिक्का मारून आपण पुढे जातो, जणू त्या शब्दाने प्रश्न मिटला. वस्तुतः प्रश्न तेथे सुरू होतो. देवलांनी मूठ कोणत्या मापाची केली? मराठी नटाच्या तोंडी बसेल असे वाक्य कुठे घासले, कुठे कापले? पाते कोठून आले हे शोधणे सोपे आहे, आणि आपले पुष्कळ प्रबंध तेवढ्यावर थांबतात. मूठ वाचणे अवघड, कारण त्यासाठी आधी ती हातात धरून पाहावी लागते.

नक्कल आणि बनावट यांत मात्र भेद राखलाच पाहिजे. बनावट वस्तू आपले मूळ दडवते. रघुजींच्या पात्याने आपले मूळ सोन्यात मिरवले. प्रकाशाची तलवार जुळवणारा हौशी तरुणही आपली नळी नळाची आणि घट बाजारातला असल्याचे खुशाल सांगतो. दोघांचीही प्रतिष्ठा त्या सांगण्याने उणी होत नाही. वारशाच्या शुद्धतेविषयी अलीकडे फार मोठ्या आवाजात बोलले जाते. तसे बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या सोनेरी ओळीतला शेवटचा शब्द एकदा मोठ्याने वाचावा. सेनासाहेबसुभ्यांना आपल्या नावाशेजारी तो चालला होता.