कोई माशांचा हिवाळा: विषयातून संशोधनप्रश्न कसा काढायचा?

पेट झाली, आता आराखडा लिहायचाय, विषयही डोक्यात आहे, पण "संशोधनप्रश्न काय?" असं विचारलं की गाडी अडते. तुमचंही असंच होत असेल, तर आज एक छोटा विषय घेऊन तो सोलून बघू. विषय आहे: परसातल्या तळ्यातले कोई मासे कडक हिवाळ्यात गरम ठेवणं. वरवर पाहता हा हौशी लोकांचा मामला. यात इतिहास कुठे आहे, असं वाटेल. तर आहे, आणि तो जपानच्या निगाता प्रांतात आहे.

आधी भूगोल. यामाकोशी आणि ओजिया हा डोंगराळ भाग. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, त्यांना पाणी पुरवणारी छोटी तळी आणि हिवाळ्यात तीन-चार मीटरपर्यंत बर्फ. बर्फ पडला की गावं तुटायची. हे तुटणं किती खरं होतं ते पाहायचं तर नाकायामा बोगदा बघा. १९३३ ते १९४९ या काळात गावकऱ्यांनी तो कुदळी-पहारींनी हातानं खोदला. लांबी जवळपास ९०० मीटर. पलीकडे जायला वाट हवी, आजाऱ्याला दवाखान्यात नेता यावं, एवढ्यासाठी.

अशा ठिकाणी तळ्यात कार्प मासे पाळले जात ते खाण्यासाठी. हिवाळ्यात प्रथिनं मिळण्याची ती सोय होती. १९व्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण १८०४ ते १८३० च्या दरम्यान, या काळपट माशांत लाल-पांढऱ्या रंगाची पिल्लं दिसू लागली. लोकांनी ती वेगळी ठेवली, त्यांचीच पुढची पिढी घेतली. यातून 'निशिकिगोई', म्हणजे जरतारी कार्प, तयार झाला. १९१४ मध्ये टोकियोच्या तैशो प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि डोंगरातली ही हौस देशभर माहीत झाली.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही कोई-पुस्तकात सापडते. आता लक्ष द्या. ही सगळी गोष्ट रंगाची आहे. प्रदर्शन, बक्षीस, जातींची नावं यांची नोंद होते. मासा जानेवारीत जगला कसा, याची नोंद कोण करणार? रोजची काळजी कागदावर येत नाही. इतिहासात अशी जागा दिसली की थांबायचं. प्रश्न बहुतेक तिथेच असतो.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय हा प्रश्न धड विचारता येत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. म्हणून तळं पुरेसं खोल असेल तर वर बर्फ धरला तरी तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं. कार्प तिथे जवळजवळ निपचित पडून राहतो. पाणी साधारण १० अंशांच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं आणि खाणं थांबवावं लागतं. खरा धोका असतो तो तळं पूर्ण गोठण्याचा. वरचा बर्फ अखंड झाला की प्राणवायू आत येत नाही आणि सडणाऱ्या पाल्यापाचोळ्याचे वायू बाहेर जात नाहीत. त्यासाठी बर्फात एक भोक उघडं राहिलं तरी पुरतं. सगळं तळं तापवायची गरज नसते.

मग हीटर कशाला? हिशोब करून बघा. एक हजार लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण १.१६ युनिट वीज लागते. दहा हजार लिटरचं तळं पाच अंशांनी तापवायचं, तर ५८ युनिट. आणि हे एकदाच. वरून रोज निसटणारी उष्णता वेगळी. एवढा खर्च निव्वळ मासा जगवण्यासाठी कोण करेल?

खर्च होतो तो वाढीसाठी. उघड्या तळ्यातला मासा उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच वाढतो. हरितगृहातल्या तापवलेल्या हौदात तो हिवाळाभर खातो आणि वाढतो. १९६०च्या दशकापासून प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्राणवायू आणि विमानवाहतूक यांमुळे कोई परदेशी बाजारात जाऊ लागला. मोठ्या माशाला मोठी किंमत मिळते. त्यामुळे हिवाळ्याचा अर्थच बदलला. पूर्वी तो निभावून न्यायचा काळ होता, आता तो उत्पादनाचा काळ झाला.

याची दुसरी बाजू २३ ऑक्टोबर २००४ ला दिसली. संध्याकाळी ६.८ तीव्रतेचा चुएत्सू भूकंप झाला. ऑक्टोबर म्हणजे डोंगरातल्या तळ्यांतून मासे काढून आतल्या हौदांत आणायचे दिवस. दरडी कोसळल्या, तळी फुटली, वीज गेली. वीज गेली की पंप बंद, आणि दाटीनं ठेवलेल्या माशांना प्राणवायू नाही. यामाकोशीच्या दोन हजारांवर रहिवाशांना गाव सोडावं लागलं. मासे मोठ्या संख्येनं मेले. उरलेल्यांपैकी काही नंतर हेलिकॉप्टरनं हलवले. त्याच हिवाळ्यात पुन्हा जबर बर्फ पडला आणि खिळखिळी झालेली घरं त्याखाली मोडली. थंडीला तोंड देणारा मासा विजेवर जगू लागला होता, हे त्या आठवड्यात उघड झालं.

आता मूळ विषयाकडे या. "कोई तळं तापवण्याचा इतिहास" हा विषय झाला. "थंडी सोसणाऱ्या माशाला उष्णतेची गरज कधी आणि कोणासाठी निर्माण झाली?" हा प्रश्न झाला. विषयाचं उत्तर म्हणजे माहितीची यादी. प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र बाजार, वीज, घराची रचना आणि माशाचं शरीर हे सगळं एकत्र आणावं लागतं. साधनंही आपोआप सुचतात: घरांचे नकाशे, वीजजोडणीच्या नोंदी, हीटरच्या जाहिराती, म्हाताऱ्या मत्स्यपालकांच्या मुलाखती.

तुमच्या विषयावर हेच करून बघा. तीन गोष्टी कागदावर लिहा. तुमच्या साधनांत कशाची नोंद भरपूर आहे? कोणतं रोजचं काम त्यात दिसतच नाही? आणि ज्याला सगळे 'गरज' म्हणतात, ती नेमकी कोणाची? तिसऱ्या ओळीशी अडखळलात तर घाबरू नका. मार्गदर्शकांकडे जाताना तीच ओळ घेऊन जा.