वेसकराचे वारस

वेशीवर कोण आले ते कळवायचे आणि पाटलाचा हुकूम गावभर ओरडायचा, ही दोन्ही कामे जुन्या गावगाड्यात बहुधा महार वेसकराकडेच असत. आमच्या खानदेशातही तेच. त्याच्या हाकेवर गाव चाले. त्याचे घर मात्र वेशीबाहेर. या वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतन प्रत्यक्ष नष्ट केले ते १९५८ च्या कायद्याने.

आज दाराशी बोलकी घंटा असते, छताला भोंगा. एके काळी दोघांच्या तारा वेगळ्या असत. इंटरनेटवरील टेलिफोनसाठी ‘सिप’ ही नियमावली १९९९ साली प्रसिद्ध झाली, आणि ही कामे पुन्हा एकत्र येऊ लागली. पाहुण्याने कळ दाबली की कचेरीतला फोन वाजतो. त्यावरचा ठरलेला आकडा दाबला की दार उघडते. दुसरा क्रमांक लावला की सारे भोंगे बोलू लागतात. जुना भोंगाही मध्ये एक जोडपेटी बसवून चालतो.

जळगाव-धुळ्याकडच्या पोरांना शिकवणारा मी मास्तर. त्यांना एवढेच सांगतो: वेसकराला यंत्राने सोडवले नाही. तो लढून सुटला. यंत्र मागाहून आले.