तिकिटाला सीमा नव्हती, लाल शिक्क्याला होती

आजच्या पोरांना ‘फ्रँकिंग’ म्हटलं की भाडेकरार आणि मुद्रांक शुल्क आठवतं. (बनावट मुद्रांकवाला तेलगी आपल्याच खानापूरचा, पण तो विषय वेगळा.) मी सांगतोय ते टपालाचं फ्रँकिंग. पाकिटावर तिकिटाऐवजी लाल शाईत रक्कम, तारीख आणि पोस्टाचं नाव उमटवणारं यंत्र. न्यूझीलंडमध्ये १९०४ साली असली यंत्रं वापरात आली, अमेरिकेच्या टपाल खात्याने १९२० साली पिटनीच्या यंत्राला मान्यता दिली.

निपाणीत तंबाखूचा व्यापार, म्हणजे टपाल आलंच. माल परगावच्या विडीवाल्यांकडे जायचा. हुंडी, बिलं, लॉरीची बिल्टी बँकेमार्फत रजिस्टर पोस्टाने. जावक बारनिशीत नोंद, मग वजन, मग तिकिटं चाटत बसणं. तिकिटं म्हणजे रोकडच की हो! रोज शिल्लक मोजायची, आणि चार आण्याचा फरक आला तरी शिपायाकडे सगळे बघणार. बिचारा.

यंत्रात ती भानगड नव्हती. पोस्टात आगाऊ पैसे भरायचे, तेवढी रक्कम यंत्रात चढवून ते सील करून मिळायचं. आत दोन आकडे : एक खर्च झालेला, एक शिल्लक. एक वाढतो तसा दुसरा उतरतो, पुन्हा पैसे भरेपर्यंत दोन्हींची बेरीज कायम तीच. आम्हा कॉमर्सवाल्यांना याहून गोड काय पाहिजे! जुनी यंत्रं मात्र दर वेळी उचलून पोस्टात न्यावी लागत, आणि ती काही फुलासारखी हलकी नव्हती. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत टेलिफोनच्या तारेवरून रक्कम भरता येऊ लागली.

व्यापारी विचारायचे, “साहेब, घेऊ का मशीन?” मी उलट विचारायचो : रोज पाकिटं किती? दहा-वीस असतील तर तिकिटंच बरी. सभासदांना वार्षिक सभेच्या नोटिसा आणि लाभांशाची पत्रं धाडणारी पतसंस्था असेल तर जरूर घ्या. दुरुस्तीवाला कुठून येणार, शाई कुठे मिळणार, लायसन्सचं नूतनीकरण कोण बघणार, हेही आधी ठरवा. आणि शेवटचा प्रश्न : टपाल टाकणार कुठे?

खरी मेख इथेच होती. तिकीट कुठल्याही पोस्टात घ्या, देशात कुठल्याही पेटीत टाका. फ्रँक केलेलं पाकीट मात्र लायसन्समध्ये नेमून दिलेल्या पोस्टातच द्यायचं, तेही त्याच तारखेला, आणि पेटीत न टाकता काउंटरवर. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. पेढीवाल्यांची पेठ कोल्हापूर, पाहुणे कोल्हापूर, रोजचा माणूस जातो कोल्हापूरला. पण निपाणीचा शिक्का मारलेलं पाकीट त्याच्या पिशवीत घालून कोल्हापूरच्या पोस्टात देता येत नसे. पोस्टाचं मंडळ वेगळं, राज्य वेगळं. दोन्हीकडे गादी असलेल्यांना मी स्पष्ट सांगायचो, निपाणीला मशीन घ्या, कोल्हापूरला तिकिटंच ठेवा.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तिकीट तेच राहिलं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, संस्कृतचे कवीसुद्धा. पण त्या आकड्यांतही बघा, कोल्हापूर ४ ने सुरू, निपाणी आणि बेळगाव ५ ने. आपल्याकडची कितीतरी माणसं पत्त्यात राज्याचं नावच लिहीत नसत. गाव आणि पिन, बस्स. पत्र बिनचूक पोचायचं. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं, तरी ५९०००१ लिहिलेलं पाकीट येतंच.

आता नोटिसा मोबाइलवर येतात, आणि रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. कुणाच्या माळ्यावर, पेढीच्या जुन्या फायलींत लाल शिक्क्याचं पाकीट असेल तर फोटो टाका. गावाचं नाव आणि तारीख दिसेल असा.