गुणांचा कागद

गुणवत्ता हा शब्द माझ्या पिढीने शिवीसारखा ऐकला आहे. १९८४ साली मी एका संशोधन-शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेलो. तज्ज्ञांचा पहिला प्रश्न आडनावावर होता, दुसरा गावावर. पुढे पत्र आले : आपण गुणवत्तेत बसत नाही. किती गुण पडले, कोणी दिले, याचा पत्ता नाही. बंद दाराआड ही मंडळी काय करतात हे शोधण्याचा तेव्हापासून मला नादच लागला, आणि त्या नादात स्वीडनमधले एक प्रकरण हाती आले.

१९९५ साली तिथल्या वैद्यकीय संशोधन मंडळाकडे पीएच.डी.नंतरच्या शिष्यवृत्त्यांसाठी ११४ अर्ज आले. ६२ पुरुषांचे, ५२ स्त्रियांचे. शिष्यवृत्ती मिळाली १६ पुरुषांना आणि ४ स्त्रियांना. पद्धत वरकरणी निर्दोष. समितीतील प्रत्येक तज्ज्ञाने उमेदवाराची पात्रता, त्याची कार्यपद्धती आणि विषयाचे महत्त्व यांना शून्य ते चार गुण द्यायचे व तिन्हींचा गुणाकार करायचा. गुणाकारातच खरी मेख आहे. तीन-तीन-तीनचे सत्तावीस होतात. एका ठिकाणी तिनाचे दोन केले की अठराच उरतात! एवढ्याशा नापसंतीने माणूस एक-तृतीयांश खाली येतो.

क्रिस्टीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी गुणांचे कागद मागितले. मंडळाने नकार दिला. पण स्वीडनमध्ये सरकारी कागद पाहण्याचा नागरिकांचा हक्क १७६६ पासूनचा आहे. न्यायालयाने कागद खुले केले. दोघींनी प्रत्येकाचे शोधनिबंध व त्यांचे वजन मोजून गुणांशी ताडून पाहिले आणि १९९७ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापला : पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावे लागत होते.

आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्याला अधिक ओळखीची. समितीतल्या कोणाशी संबंध असलेल्या उमेदवाराला जास्त गुण मिळत. नियमाप्रमाणे तो सदस्य स्वतः गुण देत नसे, बाकीचे देत. 'आपला माणूस' ही संस्था केवळ आपल्याच देशात आहे असे मी समजत होतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत स्त्रियांची ती पीछेहाट दिसली नाही. ओळखीचा फायदा मात्र शाबूत होता.

अमेरिकेतही २०११ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानांचा हिशेब लागला. शिक्षण, पूर्वीची अनुदाने, निबंध हे सारे जमेस धरूनही कृष्णवर्णीयांची अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा सुमारे दहा टक्के-बिंदूंनी कमी भरली.

आपल्याकडे माहितीचा अधिकार २००५ साली आला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. ती बातमी वाचून मीही अर्ज केला, माझ्या १९८४ च्या मुलाखतीच्या गुणांसाठी. महिन्याभरात उत्तर आले. मुदत संपल्यामुळे ते कागद नष्ट करण्यात आले होते.