चार धोरणे आणि एक कायदा

भारत सरकारची चार विज्ञानधोरणे मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा आधी नजरेत भरली ती शीर्षके. १९५८च्या ठरावात नुसते ‘विज्ञान’ होते. १९८३मध्ये ‘तंत्रज्ञान’ आले, २००३मध्ये दोन्ही एकत्र नांदू लागले आणि २०१३मध्ये त्यांना ‘नवोन्मेष’ जोडला गेला. २००३च्या धोरणाने संशोधनावरील खर्च २००७पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०१३मध्ये तेच दोन टक्के पुन्हा लिहिले गेले. २०२०-२१चा प्रत्यक्ष आकडा होता ०.६४.

मग नवे काही घडलेच नाही का? घडले; पण त्याचे मोठे उदाहरण मला १९७०च्या पेटंट कायद्यात सापडले. या कायद्याने औषधावर पेटंट नाकारले. ते बनवण्याच्या पद्धतीला तेवढे पेटंट ठेवले, तेही जास्तीत जास्त सात वर्षांचे. तेच औषध वेगळ्या रीतीने बनवायला वाट मोकळी झाली आणि आपले रसायनतज्ज्ञ कामाला लागले. ही माणसे आणि प्रयोगशाळा विज्ञानाला बळ देणाऱ्या आधीच्या धोरणांतून घडल्या, हेही विसरता येत नाही.

२००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य बाजारात त्याला दहा हजारांहून अधिक डॉलर पडत.

जागतिक व्यापार करारामुळे २००५पासून औषधांवरही पेटंट आले. कलम ३(ड)सारखी काही कुंपणे राहिली. म्हणून नवे धोरण आले की मी आता शीर्षकावर थांबत नाही. त्यामागून कोणता कायदा बदलतो, ते आधी पाहतो.