पुराचा करार

कृष्णेच्या पाण्याचा हिशेब आपल्याकडे काटेकोर आहे. १९७६ साली राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या बच्छावत लवादाच्या निवाड्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. हीच नदी पूर घेऊन येते, तेव्हा मात्र राज्यांचा व्यवहार पत्रांवर आणि मंत्र्यांच्या भेटींवर येऊन ठेपतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले आणि बोट कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे वळले. वडनेरे समितीने पुढे दोष अलमट्टीवर ठेवला नाही. तरी संशय उरलाच. जून २०२१ मध्ये जयंत पाटील बंगळूरला जाऊन येडियुरप्पांना भेटले. धरणांच्या विसर्गाची माहिती एकमेकांना वेळीच देण्यावर बोलणे झाले. पुढच्याच महिन्यात पूर पुन्हा आला.

अमेरिकेतील राज्यांनी १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर परस्पर मदतीचा करारच केला. १९९६ साली तेथील संसदेने त्याला संमती दिली. मदत कोणी मागावी, खर्च कोणी भरावा, दायित्व कोणाचे, हे त्यात संकटाआधीच लिहिलेले असते. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल दिले, त्याची एक बटालियन पुण्याजवळच आहे. परंतु ते दल केंद्राचे.

पुणेकरांनी हा प्रश्न परका मानू नये. मुठेचे पाणी उजनीमार्गे भीमेतून कर्नाटकातच उतरते. ऑक्टोबर २०२० मध्ये उजनीतून पाणी सुटले आणि कलबुर्गी जिल्ह्यातील भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. सांगलीकर अलमट्टीकडे ज्या धास्तीने पाहतो, त्याच धास्तीने तेथील शेतकरी आपल्या धरणांकडे पाहतो. लेखी करार दोघांनाही हवा.